चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढतो तेव्हा

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, मुलाला अंधूक दिसू लागले की आपण चष्म्याच्या दुकानातून नंबर काढून आणतो. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. मात्र मूल वयाच्या मानाने फार उंच व सडपातळ असेल, हातापायांची बोटे लांब असतील आणि उणा नंबर झपाट्याने वाढत असेल, तर त्यामागे मार्फन सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असू शकतो.

पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फन यांनी १८९६ मध्ये अशा लांब बोटांच्या ५ वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. त्यावरून हे नाव पडले. शरीरातील आधारतंतू घडविणाऱ्या फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष १९९१ मध्ये सापडला. डोळ्यातील भिंग अशाच सूक्ष्म तंतूंनी जागच्या जागी धरलेले असते. ते सैल पडले की भिंग सरकते, बहुधा वरच्या बाजूस. निम्म्याहून अधिक रुग्णांत असे घडते. मोतीबिंदू लवकर होणे, काचबिंदू आणि दृष्टिपटल सुटणे हेही धोके संभवतात. डोळ्यांपुढे अचानक ठिपके वा प्रकाशरेषा दिसल्या, पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न डोळ्यापुरताच नाही. हे तंतू हृदयातून निघणाऱ्या महाधमनीतही असतात. ती फुगून फाटल्यास प्राणावर बेतते. म्हणून भिंग सरकलेले आढळल्यास अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तरी हृदयाची इको तपासणी टाळू नये. महाधमनीचे फुगणे मंदावणारी औषधे आहेत. निदान झालेल्या तरुणाने गोदामात जड पोती उचलू नयेत.

आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे चतुर्थांश रुग्णांत तो घरात कोणालाही नसताना उद्भवतो. त्यामुळे घराण्यास बोल लावण्यात अर्थ नाही. सोयरीक अडेल या भीतीने निदान लपविले, तर भावंडांची तपासणी राहून जाते आणि विवाहित कन्येच्या गरोदरपणातील धोका तिच्या डॉक्टरांनाही कळत नाही.

घरात कोणाचे भिंग सरकले होते, कोण ऐन तारुण्यात अकस्मात गेले, हे वडीलधाऱ्यांनी एका कागदावर लिहून काढावे आणि तपासणीस जाताना तो डॉक्टरांपुढे ठेवावा.