फोन कुणाचा?

मी शाळेत लागलो तेव्हा ऑर्कुटची चलती होती. एसटी स्टँडामागच्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या आडोशांमागे आमची दहावीतली पोरं दाटीवाटीनं बसत, एकमेकांना ‘स्क्रॅप’ टाकत, वेळ संपली की उठत. क्लासला म्हणून घरून निघालेली असायची. मुली तिकडे फिरकत नसत; फिरकल्या तर बातमी त्यांच्याआधी घरी पोचायची. ते यंत्र पोरांचं नव्हतं, तसं कुणाचंच नव्हतं. २०१४ साली ऑर्कुट बंद झालं, पण पोरं त्याच्या बरीच आधी फेसबुकवर गेली होती.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. डेटा स्वस्त झाला आणि फोन वडिलांच्या खिशातून संध्याकाळपुरता पोराच्या हातात येऊ लागला. मग टिकटॉक. शाळेच्या गच्चीवरचे नाच शिक्षकांच्या खोलीत आम्हीही चोरून बघितले, खोटं कशाला बोला! जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली.

तोवर कोरोनामुळे शाळेलाच कुलूप लागलं होतं. मार्चमधला दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि पुढे मी पडद्यावर हजेरी घेऊ लागलो. पोरांची नावंच दिसत नसत. ‘आबा’, ‘मम्मी न्यू’, ‘ट्रॅक्टर भाडे’. “ट्रॅक्टर भाडे, उत्तर दे,” म्हणालो की नववीतला एक मुलगा बोलायचा. वडील फोन घेऊन रानात गेले की त्याची गैरहजेरी. “दुसरा फोन बघा काहीतरी,” असं मीच त्याच्या वडिलांना सांगितलं. दुधाच्या बिलातून हप्ते फेडायच्या बोलीवर त्यांनी तो घेतला. अशी घरं एकदोन नव्हती.

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा भरल्या. दप्तरं परत आली, फोन मात्र गेले नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आम्ही नुसतं कौतुक केलं. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातल्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी.

भांडणं मुख्याध्यापकांपुढे आजही येतात. पूर्वी कर्कटकानं बाकावर कोरलेलं नाव दाखवता तरी यायचं. आता रात्री अकराला इन्स्टाग्रामवर स्टोरी पडते, सकाळच्या प्रार्थनेपर्यंत ती काढून टाकलेली असते आणि समोर उरते रडून डोळे सुजलेली एक मुलगी. विचारायचं कुणाला?

परवा जुन्या यादीतून ‘ट्रॅक्टर भाडे’ला फोन लावला. धाकटा आता आठवीत आहे, पालकसभेचा निरोप द्यायचा होता. थोरल्यानं उचलला.

“पप्पांचा नंबर बदललाय सर. हा माझाय.”