एट हंड्रेडला वॅगनआरचं स्टिअरिंग

हरिहरेश्वरहून दापोलीकडे जाणारी गाडी आधी बागमांडल्याच्या जेटीवर येते. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. बोटीवर गाड्या खेटून लावायच्या असतात. जागच्या जागी स्टिअरिंग पिळायचं, थोडं पुढे, थोडं मागे, परत पिळायचं. जुनी मारुती 800 किंवा ओम्नी चालवणाऱ्याचे खांदे इथे भरून येतात. गावात सुपारीच्या वाड्यांमधून, चिऱ्याच्या गडग्यांना चुकवत गाडी वळवतानाही तेच. मग कुणीतरी मिस्त्रीला विचारतोच, ‘अल्टोचं नाहीतर वॅगनआरचं पॉवर स्टिअरिंग हिला बसेल का?’

बसतं. पण ‘बसलं’ आणि ‘नीट चाललं’ यांत बरंच अंतर आहे.

पॉवर स्टिअरिंग विकायच्या गाडीत पहिल्यांदा आलं ते अमेरिकेत, 1951च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. ते तेलाच्या दाबावर चालायचं. त्याचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरत असल्याने गाडी सरळ चालली असली तरी इंजिनची ताकद खायचा. विजेवरचं स्टिअरिंग (ईपीएस) 1988मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आलं. यात मोटर वीज खाते ती मुख्यतः वळवतानाच, शिवाय तेल नाही, नळ्या नाहीत. छोट्या गाडीला हे सोयीचं. आपल्याकडे वॅगनआरमुळे ते बऱ्याच घरांत पोहोचलं.

या गाड्यांत सगळी करामत डॅशबोर्डखालच्या कॉलममध्ये असते. स्टिअरिंग फिरवलं की कॉलममधली एक बारीक दांडी किंचित पिळली जाते. किती पिळली हे सेन्सर मोजतो, कंट्रोल युनिट हिशेब करतं आणि मोटर गिअरमार्फत जोर लावते. दुसरा हिशेब वेगाचा. गाडी उभी असताना मदत भरपूर, वेग वाढेल तशी कमी. मदत बंद पडली तरी चाकांशी लोखंडी जोड कायम असतो. स्टिअरिंग फक्त जड होतं.

म्हणून भंगार बाजारातून नुसता कॉलम उचलून भागत नाही. त्याच गाडीचं कंट्रोल युनिट आणि वायरिंगही लागतं. एकावेळी तीस-चाळीस अँपिअर ओढू शकणाऱ्या मोटरला बॅटरीपासून थेट जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज हवा. हेडलाइटच्या वायरीतून जोड काढणारा मिस्त्री पाहिला की मी तिथून काढता पाय घेतो.

खरा घोळ वेगाच्या सिग्नलचा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या 800चा स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्यातून विजेचा सिग्नल मिळत नाही. तो नसेल तर काही युनिट मदतच देत नाहीत, काही एकसारखी देत राहतात. दुसरा प्रकार जेटीवर झकास वाटतो. महामार्गावर ऐंशीच्या वेगात मात्र गाडी बोटाच्या धक्क्यानेही लेन सोडू पाहते. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांचे शौकीन व्हॉक्सहॉल कोर्साचा कॉलम वापरतात आणि मदत किती हवी ते हाताने ठरवायला एक बटण बसवतात. मला ते पटत नाही. घाट उतरताना बटण फिरवायचं लक्षात राहत नाही. केबलवर चालणारा वेगाचा सेन्सर बसवणं हा त्याहून बरा मार्ग.

सर्वांत धोक्याचं काम वेल्डिंगचं. नव्या कॉलमचं खालचं टोक चाकं वळवणाऱ्या जुन्या रॅकला जुळत नाही, म्हणून शाफ्ट कापून जोडला जातो. तो तुटला तर हातात नुसतं गोल चाक उरतं. दात जुळणारा युनिव्हर्सल जॉइंट शोधावा किंवा चांगल्या मशीन शॉपमधून करून घ्यावा. समुद्रकाठी आणखी एक ताप असतो: खाऱ्या हवेने अर्थिंगचे जोड आणि कनेक्टर गंजतात, आणि ऐन पावसाळ्यात ईपीएसचा दिवा पेटतो.

एवढं करूनही रॅक जुनाच राहतो. जोर कमी लागतो. स्टिअरिंगचे फेरे मात्र तेवढेच मारावे लागतात.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडकाठी करतं आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘आरसीवर स्टिअरिंग लिहिलेलं नसतं’ हे मिस्त्रीचं उत्तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे टिकेल, अशा भरवशावर राहू नका. आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, उत्तर लेखी घ्या.

त्याही आधी पुढच्या टायरांत हवा किती आहे ते बघा. रुंद टायर टाकले असतील तर मूळ मापाचे लावा, बॉल जॉइंट आणि अलाइनमेंट तपासून घ्या. जड स्टिअरिंगची निम्मी रड इथेच मिटते. तरीही बदल करायचाच असेल, तर काम देण्यापूर्वी मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा: वेगाचा सिग्नल कुठून घेणार, आणि शाफ्टला वेल्डिंग करणार का? पहिल्याला ‘त्याची गरज नाही’ किंवा दुसऱ्याला ‘हो’ असं उत्तर आलं, तर गाडी आहे तशी घरी आणा.