बारावी झाली की घड्याळ सुरू! कॉलेजच्या संघातून नेमकी किती वर्षं खेळता येतं?

माझगावच्या नेसबिट रोडवरचं बुऱ्हाणी कॉलेज घ्या, किंवा मुंबईतलं दुसरं कुठलंही. ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज बहुधा एकाच आवारात असतं. अकरावीला आलेली मुलगी पुढची पाच वर्षं त्याच गेटमधून आत जाते आणि अनेकदा त्याच जिमखान्यातून किट घेते. त्यामुळे 'मी कॉलेजकडून पाच वर्षं खेळले' असं ती सहज म्हणून जाते.

नियमांच्या हिशेबात मात्र ती तीनच वर्षं खेळलेली असते.

अकरावी-बारावीचे खेळाडू राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांमध्ये उतरतात. मैदानावर सगळे त्यांना 'डीएसओच्या मॅचेस' म्हणतात. तिथे १९ वर्षांखालील गट असतो आणि हिशेब फक्त वयाचा. बारावीनंतर पदवीला प्रवेश घेतला की खेळाडू विद्यापीठाच्या छत्राखाली येतो. आधी मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून निवड झाली तर विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि त्यापुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा, जिथून सुनील गावसकरांसारखे खेळाडू पुढे आले, ती याच रचनेतली.

मग मोजणी कशी होते?

आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियम भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, ठरवतो. त्यातल्या तीन अटी एकाच वेळी लागू होतात आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिली अट वयाची. त्या शैक्षणिक वर्षाच्या १ जुलैला वय १७ पेक्षा कमी आणि २५ पेक्षा जास्त नको. दुसरी अट, ज्या परीक्षेमुळे पदवीला पहिला प्रवेश मिळाला (बहुतेकांसाठी बारावी), ती पास होऊन आठ शैक्षणिक वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नको. तिसरी अट याच आठ वर्षांच्या आतली आहे. पदवीचे विद्यार्थी म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं आणि पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं खेळता येतं.

पाच अधिक तीन आठ, हे गणित कागदावर छान जमतं. प्रत्यक्षात सगळ्यांना आठ वर्षं मिळत नाहीत.

समजा, एका खेळाडूचा जन्म डिसेंबर २००६ चा आहे आणि तो २०२४ मध्ये बारावी झाला. त्याचं आठवं वर्ष म्हणजे २०३१-३२. त्या वर्षीच्या १ जुलैला तो साडेचोवीस वर्षांचा असेल. म्हणजे त्याला पूर्ण आठ वर्षं मिळाली. आता त्याच्याच वर्गातला दुसरा खेळाडू पाहा. त्याची मध्ये दोन वर्षं गेली होती, जन्म डिसेंबर २००४ चा. त्याची बारावीही २०२४ चीच. पण १ जुलै २०३० ला तो साडेपंचवीस वर्षांचा होतो आणि बाहेर पडतो. त्याच्या वाट्याला सहाच वर्षं येतात. दोघांची आठ वर्षांची मुदत सारखीच, पण दुसऱ्याला वयाने आधीच गाठलं. पाय मोडून वर्ष वाया गेलं, घरी अडचण होती म्हणून दहावी उशिरा झाली, असल्या कारणांना या मोजणीत जागा नाही.

बारावीनंतर घेतलेला 'ड्रॉप'ही असाच महाग पडतो. तुम्ही नीटची तयारी करत घरी बसलात, एकही सामना खेळला नाहीत, तरी आठमधलं एक वर्ष गेलं. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धाच झाल्या नाहीत. पण घड्याळ फक्त कॅलेंडर बघतं, मैदान बघत नाही.

अमेरिकेत उलटं

तिथला 'ज्युनिअर कॉलेज' हा शब्द आपल्याला हमखास फसवतो. अमेरिकेत ज्युनिअर किंवा कम्युनिटी कॉलेज म्हणजे शाळेची बारा वर्षं संपल्यानंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. तिथल्या खेळांची संघटना, एनजेसीएए, १९३८ पासून आहे. त्यांच्याकडे मोजणीचं एकक 'हंगाम' हे आहे. खेळाडूला असे दोन हंगाम मिळतात, आणि अधिकृत सामन्यात एखादं मिनिट उतरला तरी सहसा तो हंगाम वापरला गेला असं धरतात. त्यामुळे नवख्या खेळाडूला शेवटच्या पाच मिनिटांसाठी आत पाठवायचं का, याचा तिथल्या प्रशिक्षकाला खरोखर विचार करावा लागतो.

पुढे चार वर्षांच्या मोठ्या कॉलेजात गेल्यावर एनसीएएचा नियम लागतो. वरच्या स्तरावर पाच वर्षांत चार हंगाम, आणि ज्युनिअर कॉलेजातले हंगामही त्या चारांत धरले जात. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा फुटबॉलपटू दिएगो पाविया याच मुद्द्यावर कोर्टात गेला. ज्युनिअर कॉलेजचा हंगाम मोजला गेल्यामुळे २०२४ नंतर त्याची पात्रता संपत होती. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्याला तात्पुरता दिलासा दिला आणि त्यानंतर एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही २०२५-२६ साठी एका वर्षाची सूट दिली. तिथे खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळतात, त्यामुळे एका हंगामाची किंमत डॉलरमध्ये काढता येते. आपल्याकडे ती नोकरीत मोजावी लागते.

माझगाव-लालबागच्या मुलांना कुठली अट नडते?

वर्षांची नव्हे. 'पूर्णवेळ विद्यार्थी' ही अट जास्त नडते, असं माझं मत आहे.

खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी हवा आणि त्याचा अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा हवा. दूरशिक्षणातून पदवी करणारे यात बसत नाहीत. पूर्णवेळ नोकरी करणारेही नाहीत. आता कबड्डीचं उदाहरण घ्या. मध्य रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं खेळत आले आहेत, आणि चांगल्या खेळाडूचं स्वप्न तिथे कायम होण्याचं असतं. एस.वाय.ला असताना अशी नोकरी लागली, तर विद्यापीठाची जर्सी त्याच दिवशी सुटते. घरात पगार हवा असेल तर निवड करायला फारसं काही उरतच नाही. पण ज्याला दिवसा काम करून दूरशिक्षणाने बी.कॉम. करायचं आहे, त्याला निदान प्रवेश घेण्याआधी हे माहीत असायला हवं. अनेकदा ते संघनिवडीच्या दिवशी कळतं.

केटी लागलेल्यांचंही असंच. एटीकेटीवर पुढच्या वर्षाला रीतसर प्रवेश मिळाला असेल तर अडचण नाही. प्रवेशच नाही, फक्त राहिलेले विषय देतोय, अशा विद्यार्थ्याला 'नियमित' म्हणत नाहीत. कॉलेजचं नाव सांगता येतं, पण चालू वर्षाचं बोनाफाईड दाखवता येत नाही.

विद्यापीठ बदललं तर पात्रता जात नाही, मात्र एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. मोजणीही नव्याने सुरू होत नाही. मुंबईत दोन वर्षं खेळून पुण्याला गेलात, तरी ती दोन वर्षं तुमच्याबरोबर जातात.

हे नियम इतके घट्ट का, याचं उत्तर कुठल्याही जुन्या जिमखान्यात मिळेल. फक्त संघासाठी दर वर्षी नवीन कोर्सला नाव घालणारा 'कायमचा विद्यार्थी' प्रत्येकाच्या आठवणीत असतो. त्याच्यामुळे एफ.वाय.च्या एखाद्या मुलाची जागा जाते.

तुमचा हिशेब करायला तीन कागद पुरतात: जन्मदाखला, बारावीची गुणपत्रिका आणि चालू वर्षाचं बोनाफाईड. बारावीच्या वर्षात आठ मिळवा, मग कुठल्या १ जुलैला तुम्ही २५ ओलांडता ते पाहा. दोन्हींपैकी जे आधी येईल, ती तुमची सीमा. वयाच्या अटीत बदल होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीचं एआययूचं परिपत्रक जिमखान्याच्या सरांकडून किंवा मॅडमकडून मागून घ्या. तेही जूनमध्येच, कारण संघाची यादी विद्यापीठाकडे गेल्यावर अपात्र नाव निघालं तर फटका पूर्ण संघाला बसतो.