वलगणीच्या वाटेवर परका मासा

मृगाचा पाऊस लागला की शहापूर-मुरबाडच्या ओहोळांना गढूळ पाणी सुटते आणि नदीतले मासे अंडी घालायला उलट्या धारेने वर चढतात. हीच वलगण. मळे, शिंगटी थेट भातखाचरांत शिरतात. कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर पाग आणि बांबूचे सापळे बाहेर निघतात. पैसे न मोजता ताटात मासा येण्याचे हे मोजकेच दिवस.

आफ्रिकन मांगूर या परक्या माशालाही पसरायला हेच दिवस सोयीचे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा मासा बांगलादेशातून भारतात आला आणि ‘थाई मांगूर’ म्हणून बाजारात खपू लागला. कल्ल्यांच्या वर असलेल्या खास अवयवामुळे तो हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून कोंबडीच्या दुकानातली घाण टाकलेल्या काळ्या पाण्यातही मजेत वाढतो. पाळणाऱ्याला खर्च कमी, वजन भरपूर. पण पावसात तळ्याचा बांध फुटला की तो ओढ्याला लागतो, आणि ओल्या जमिनीवरून पंखांच्या काट्यांवर सरकत पुढचे डबकेही गाठतो. किडे, बेडूक, माशांची अंडी, पिल्ले, काहीही त्याला चालते.

केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. तळी मात्र चालूच राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने २२ जानेवारी २०१९ रोजी ती नष्ट करण्याचा आदेश दिला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ३२ टन मांगूर नष्ट केल्याची नोंद आहे. ठाणे जिल्ह्यात भिवंडीच्या बाजूलाही अशा तळ्यांवर कारवाई झाली. भिवंडी इथून दूर नाही. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू एकमेकींना मिळून उल्हास नदीत जातात. खालच्या पात्रात सुटलेल्या माशाला वरची वाट मोकळीच असते.

एकदा पसरलेला मासा आवरता येतो का? पश्चिम अटलांटिकमधल्या प्रवाळांवर याचे उत्तर शोधले गेले. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ च्या सुमारास फ्लोरिडाजवळ दिसला आणि तिथल्या लहान माशांचा फडशा पाडू लागला. पाणबुडे भाले घेऊन उतरले, शिकारीच्या स्पर्धा भरल्या, हॉटेलांत तो ताटात आला. समूळ उच्चाटन झाले नाही. पण जिथे त्याची संख्या ठराविक मर्यादेखाली आणली, तिथे स्थानिक माशांचे वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांना आढळले.

भातसा-काळूत हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. स्वच्छ समुद्रात भालेकऱ्याला मासा दिसतो. इथे पावसाळी पाणी चहाच्या रंगाचे. शिवाय ‘खाऊन संपवा’ म्हटले की बंदी घातलेल्या माशाला गिऱ्हाईक मिळते आणि चोरटी तळी वाढतात. म्हणून इथे रोखायचे ते तळ्यावरच, मासा नदीत जाण्याआधी.

त्यासाठी ओळख पटायला हवी. देशी मांगूर सहसा हातभर होण्याआधीच थांबतो. आफ्रिकन मीटरभरही वाढतो. लहान मासा असेल तर डोक्यावरून बोट मागे फिरवायचे. देशी माशाच्या कवटीचा मागचा काठ अरुंद आणि गोलसर लागतो, आफ्रिकन माशाला तिथे टोके जाणवतात. ठेक्याने तलाव घेणाऱ्या संस्थांनी बीज घेताना ही तपासणी करावी, आणि विभागाची तळ्यांवरची फेरी एप्रिल-मेमध्येच पूर्ण व्हावी. जूनमध्ये बांध फुटल्यावर केलेल्या पंचनाम्याने ओढ्यात गेलेला मासा परत येत नाही.