फळीवरची यादी आणि पडद्यावरची ओळ

मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात असतो. दिवसभर तोडलेल्या पानांचे 70-70चे पुडे बांधून लोक फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणतात, मोजणी होते आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावापुढे आकडा चढतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूचाही व्यवहार स्वतः करू लागल्या. हिशेब गावाचा झाला, तशी यादीही गावाची झाली. ती रजिस्टरातून मोबाईलवर आणायची, तर वर-खाली सरकणारी आणि जागच्या जागी दुरुस्त करता येणारी यादी लिहावी लागते. दिसायला हे काम सोपं आहे, पण प्रत्येक संगणकभाषेनं त्यासाठी वेगळी वाट धरली.

नोंद वेगळी आणि तिचं पडद्यावरचं दर्शन वेगळं, हा विचार ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात 1979 साली मांडला. व्हिज्युअल बेसिकच्या (1991) लिस्टबॉक्समधली ओळ मात्र फक्त वाचता येई. मग लोक त्या ओळीवर नेमका एक टेक्स्टबॉक्स ठेवत आणि टाइप केलेलं परत यादीत लिहीत; यादी सरकली की सगळा मेळ बिघडे. जावाच्या स्विंगमधल्या जेटेबलनं दाखवणारा आणि दुरुस्ती करणारा असे दोन घटक वेगळे केले. मला ती रचना आजही फार समंजस वाटते.

स्मार्टफोन आल्यावर अडचण वाढली. आयफोनचं यूआयटेबलव्ह्यू किंवा अँड्रॉइडचं रिसायकलरव्ह्यू (2014) पडद्यावर मावतील तेवढ्याच आणि थोड्या जास्तीच्या ओळी तयार ठेवतं. वर गेलेली ओळ खाली नव्या नावासाठी वापरली जाते. त्यामुळे हजार नावंही झरझर सरकतात. पण टाइप केलेला आकडा मूळ नोंदीत न उतरता चौकटीतच राहिला, तर तो दुसऱ्याच नावापुढे उमटतो. फळीवर याचा अर्थ असा, की मडावींचे पुडे आत्रामांच्या खात्यात गेले. ही तांत्रिक चूक नव्हे, कुणाची तरी मजुरी आहे.

यावर कोटलिनमध्ये ओळ नव्या नोंदीला जोडण्याआधी जुना टेक्स्टवॉचर काढावा लागतो, हे विसरणं फार सोपं. फ्लटरमध्ये प्रत्येक नोंदीचा टेक्स्ट-एडिटिंग-कंट्रोलर स्वतः जपावा लागतो, काम झाल्यावर मोकळाही करावा लागतो. रिॲक्टमध्ये चौकटीतली किंमत वरच्या स्थितीतूनच येते. जेटपॅक कंपोजच्या लेझीकॉलमचंही वळण तेच. स्विफ्टयूआयनं 2021 मध्ये प्रत्येक ओळीला थेट तिच्या नोंदीशी बांधण्याची सोय दिली. वाचायला मला हीच सगळ्यांत स्वच्छ वाटते. तरी फ्लटर आणि कंपोज अँड्रॉइडच्या साध्या फोनवर चालतात, आणि इथल्या गावांत तेच फोन आहेत, म्हणून माझं मत त्या दोघांकडे झुकतं.

भाषा कोणतीही घ्या, ओळीची ओळख काय, हे माणसालाच ठरवावं लागतं. अनुक्रमांक ओळख म्हणून वापरला, तर एक नाव वगळताच खालच्या सगळ्यांची ओळख बदलते. नाव-आडनावही पुरत नाही. एकाच गावात त्याच नावाचे दोन उसेंडी सहज सापडतात. म्हणून नोंद जन्मते तेव्हाच तिला कायमचा क्रमांक द्यावा, आणि तो फोननंच तयार करावा. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांत नेटवर्कची वाट पाहत मोजणी थांबवता येत नाही, आणि दोन फोनवरच्या याद्या पुढे एकत्र करायच्या असतात.

दुरुस्तीनंतर जुना आकडा पुसून टाकू नये. रजिस्टरात तो खोडून शेजारी सही करतात, गावकऱ्यांना तो वाचता येतो. तशीच सोय पडद्यावर हवी. आणि नाव दुरुस्त करत असताना यादी अकारविल्हे लावू नये. बोट चौकटीवर असताना ओळ उडी मारून दुसरीकडे गेली, तर पुढचा आकडा भलत्याच घरावर पडतो. दुरुस्ती पक्की झाल्यावरच क्रम लावावा, आणि तोही लिहिणाऱ्यानं सांगितला तरच.