काळ्या पाषाणावरील पश्चिमयात्रा

वाशिम जिल्ह्यातील आसेगावाहून मोटारीने पश्चिमेस निघणाऱ्याला आज दोन मार्ग उपलब्ध आहेत. एक समृद्धी महामार्गाचा; नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला असून, शेलूबाजारजवळ त्यावर चढले की गाडी कोठे थांबवावी असा प्रश्नच पडत नाही. दुसरा वाशिम, रिसोड, लोणार, सिंदखेडराजा असा बाजारगावांतून जाणारा जुना रस्ता. ज्याला केवळ मुक्काम गाठावयाचा आहे त्याने पहिला धरावा. परंतु आपला मुलूख कशाचा घडला आहे हे पाहण्याची ज्याला जिज्ञासा आहे, त्याला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

कारण हा सारा प्रवास एकाच पाषाणावरून होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा थरांवर थर देत निवला, त्याचा बेसाल्ट झाला, आणि त्याच बेसाल्टची झीज होऊन वऱ्हाडची ती काळी जमीन तयार झाली, जी पावसाळ्याची ओल पोटात धरून ठेवते आणि थंडीत त्याच ओलीवर ज्वारीचे कणीस भरते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, तेही याच काळ्या खडकात. निजामाच्या अमलानंतर इंग्रजांनी येथे जिल्हा केला, १९०५ साली तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ साली वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी दफ्तरातील हद्दी अशा बदलत राहिल्या, तरी मातीची जात बदलली नाही.

रिसोड मागे टाकून लोणारास पोहोचले की या पाषाणाचा सर्वांत विलक्षण अवतार दृष्टीस पडतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे असा दीर्घकाळ समज होता. परंतु प्रचंड आघाताच्या दाबानेच निर्माण होणारी काच येथील खडकात सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले, आणि अशनिपाताचा पक्ष सिद्ध झाला. काठावर धारेचे गोड पाणी अखंड पडते, तळाशी मात्र खारे, अल्कधर्मी सरोवर. आणि गावातील दैत्यसूदनाच्या मंदिरात लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू उभा. विज्ञान आणि पुराण या दोघांनाही या विवराचा उलगडा करावासा वाटला, यात नवल नाही.

या वाटेवर भोजनासाठी हॉटेलाच्या पाटीकडे पाहू नये, हंगामाकडे पाहावे. हिवाळ्यात शेतात रोडग्यांचा बेत असतो: कणकेच्या लहान लाट्यांना तेल लावून त्या एकीवर एक रचावयाच्या, आणखी एका लाटीत गुंडाळून गोळा वळावयाचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवावयाचा. वरचे कवच तडकले की फडक्याने राख झटकून, तो हाताने फोडून, वर तूप ओतून वरणात कुस्करावयाचा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. एरवी खानावळीत ज्वारीची भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मागावा. पाटवड्यांचा रस्सा मिळाल्यास सोडू नये.

पुढे सिंदखेडराजास १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मलेल्या जिजाऊंचा राजवाडा आणि त्यांचे पिते लखुजी जाधव यांची भव्य समाधी पाहून यात्रा पुरी करावी. मात्र वाटेत दोन्ही बाजूंच्या शेतांकडे लक्ष द्यावे: खरिपात जिथे एकेकाळी ज्वारी डोलत असे, तिथे आता बहुतेक सोयाबीन दिसते, कारण त्याला रोख पैसा मिळतो आणि पीक लवकर हाती येते. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. परंतु ताटातील भाकर याच जमिनीची असावी असे ज्याला वाटते, त्याने प्रवासात ती मागून घ्यावी आणि योग्य दाम देऊन खावी. मागणी राहिली तरच पेरा राहील.