गणिती लायब्ररीचे प्लगइनमध्ये रूपांतर : 'इमेजजे' या प्रणालीचे उदाहरण

सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेल्या प्रतिमेवरून एखादी लांबी, क्षेत्रफळ किंवा तेजस्विता मोजली जाते आणि तो आकडा पुढे प्रबंधाच्या कोष्टकात जाऊन बसतो. प्रतिमा कोणत्या उपकरणाने घेतली, कोणत्या भिंगातून घेतली, याची नोंद संशोधक काळजीपूर्वक करतो. परंतु ज्या आज्ञावलीने तो आकडा काढला ती स्वतः कोणत्या घटकांची बनलेली होती आणि ते घटक कोणत्या रीतीने एकत्र बांधले गेले होते, याची चौकशी सहसा होत नाही. हे बांधणीचे काम केवळ कारकुनी स्वरूपाचे आहे, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. सर्वसाधारण उपयोगासाठी लिहिलेली एखादी मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे इतर आज्ञावलींना हाताशी घेता येईल असा तयार आज्ञासंग्रह, प्रतिमा-मापनाच्या प्रणालीत प्लगइन म्हणून बसवताना जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांपैकी काहींचा परिणाम थेट मोजमापावर होतो.

या प्रश्नाच्या विवेचनास 'इमेजजे' या प्रणालीचे उदाहरण सोयीचे आहे. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेत वेन रॅसबँड यांनी प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी 'एनआयएच इमेज' ही आज्ञावली तयार केली. पुढे १९९७ साली त्यांनीच जावा भाषेत इमेजजेची रचना केली. ती प्रारंभापासून सर्वांस मोकळी होती. ज्याला जे कमी वाटेल ते त्याने स्वतः लिहून जोडावे, अशी सोय तिच्यात असल्यामुळे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तिचा प्रसार झाला. तिच्याभोवती जमलेल्या प्लगइन्सचा एक मोठा संच 'फिजी' या नावाने ओळखला जातो. त्याचा परिचय करून देणारा लेख २०१२ साली 'नेचर मेथड्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फिजी हे नाव 'फिजी इज जस्ट इमेजजे' या वाक्याची आद्याक्षरे घेऊन केलेले आहे. ज्याची व्याख्या करावयाची तेच व्याख्येत आणणारा हा विनोद संगणकशास्त्रज्ञांच्या विशेष आवडीचा दिसतो.

आता एखाद्या संशोधकास प्रतिमेतील प्रकाशमान ठिपक्यांची रुंदी मोजावयाची आहे, असे समजावे. ठिपक्याच्या तेजस्वितेवर गाउसचा वक्र बसवून त्यावरून रुंदी काढणे ही प्रचलित रीत आहे. वक्र बसविण्याची आज्ञावली नव्याने लिहिण्याचे प्रयोजन नसते. अपाचे संघटनेच्या 'कॉमन्स मॅथ' या लायब्ररीत ती तयार व पारखलेली आहे. ही लायब्ररी आणि इमेजजे यांमध्ये दुवा जोडणे एवढेच काम उरते. वरकरणी ते दहावीस ओळींचे आहे.

अडचण अशी की, लायब्ररीला प्रतिमा ठाऊक नसते. तिला ठाऊक असते ती केवळ संख्यांची रांग. आठ बिटांच्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलचे मूल्य ० ते २५५ यांदरम्यान असते. परंतु जावा भाषेतील 'बाइट' हा प्रकार ऋण-धन आहे. त्याची व्याप्ती −१२८ ते १२७ एवढी. त्यामुळे २०० हे मूल्य जावाच्या दृष्टीने −५६ ठरते. तोच प्रकार सोळा बिटांच्या प्रतिमेचा. तेथे ४०,००० ही तेजस्विता −२५,५३६ अशी वाचली जाते. इमेजजेच्या स्वतःच्या आज्ञा ही दुरुस्ती मनात धरूनच लिहिलेल्या आहेत. बाहेरच्या लायब्ररीकडे मात्र प्रतिमेचा कच्चा साठा जसाच्या तसा सोपविला, तर १०० व २०० या दोन पिक्सेलांची सरासरी १५० न येता २२ येते.

हा दोष त्वरित ध्यानात येईल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्रतिमेत एकही पिक्सेल १२७ च्या वर नाही, तिचे उत्तर अगदी बिनचूक येते. प्लगइन तपासण्यासाठी नेमकी अशी मंद प्रतिमा घेतली असेल, तर चाचणी उत्तीर्ण होते आणि दोष पुढे कोण्या अन्य विद्यार्थ्याच्या उजळ प्रतिमेत प्रकट होतो. तोही कोणतीही सूचना न देता. यावर उपाय साधा आहे. कच्चा साठा न उचलता, प्रत्येक पिक्सेलचे खरे मूल्य दशांश संख्येच्या रूपाने देणारी जी आज्ञा इमेजजेत आहे, तिच्यामार्फतच संख्या घ्याव्यात. त्याची किंमत स्मृतीच्या रूपाने द्यावी लागते. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलांची सोळा बिटांची प्रतिमा ८ मेगाबाइट जागा घेते. कॉमन्स मॅथला हव्या असलेल्या 'डबल' प्रकारात तीच ३२ मेगाबाइट होते. पाचशे प्रतिमांची मालिका असल्यास ४ गिगाबाइटचे १६ गिगाबाइट होतात. सबब संपूर्ण मालिका एकदम न देता ठिपक्याभोवतीचा लहानसा चौकोन तेवढा द्यावा, हे प्लगइन लिहिणाराने ठरवावयाचे असते. लायब्ररी ते ठरवीत नाही.

मोजमापाच्या एककासंबंधीही असेच आहे. लायब्ररीने ठिपक्याचे प्रमाण-विचलन २.० असे दिले, तर ते पिक्सेलांत दिलेले असते. प्रतिमेचा एक पिक्सेल ०.१ मायक्रोमीटरचा असल्यास ते ०.२ मायक्रोमीटर होते, आणि अर्ध्या उंचीवरील रुंदी २.३५५ ने गुणून सुमारे ०.४७ मायक्रोमीटर येते. पिक्सेलचे माप इमेजजे प्रतिमेसोबत सांभाळून ठेवते. ते विचारून घेण्याची जबाबदारी दुव्याची. जे प्लगइन कोष्टकात २.० असा उघडा आकडा छापते, त्याने वाचकाचा अर्धा प्रश्न तसाच ठेवला असे म्हणावयास हरकत नाही.

प्रत्यक्ष जोडणीचे नियम थोडक्यात सांगता येतात. प्लगइनचे क्लास एका जार फाइलमध्ये बांधावयाचे, त्या फाइलच्या नावात अधोरेषा ठेवावयाची, आणि आत 'प्लगइन्स.कॉन्फिग' या नावाच्या साध्या मजकुरात मेन्यूतील स्थान, आज्ञेचे नाव व क्लासचे नाव एका ओळीत लिहावयाचे. अधोरेषेचा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो, परंतु त्यामागे व्यवहार आहे. अधोरेषा नसलेली जार फाइल मेन्यूत दिसत नाही. ती केवळ इतरांच्या उपयोगाची लायब्ररी मानली जाते. ज्या जावा आवृत्तीसाठी क्लास तयार केले, तिचा क्रमांक क्लास फाइलीतच कोरलेला असतो. जावा ८ साठी तो ५२, जावा २१ साठी ६५. जुन्या जावावर नवा क्रमांक चालत नाही. येथे निदान स्पष्ट नकार तरी मिळतो.

संवादचौकटीची बाब याहून महत्त्वाची आहे. इमेजजेच्या प्रमाणित संवादचौकटीतून मूल्ये विचारली, तर प्रणालीतील मॅक्रो-नोंदणी ती आपोआप टिपून ठेवते आणि तेच विश्लेषण पुढे शंभर प्रतिमांवर जसेच्या तसे चालविता येते. स्वतःची सुबक खिडकी रचण्याच्या मोहात पडणारा लेखक ही नोंद गमावतो. या नोंदीत प्रत्येक मूल्याची खूण म्हणून चौकटीतील लेबलाचा पहिला शब्द घेतला जातो. त्यामुळे पुढील आवृत्तीत केवळ भाषा सुधारावी म्हणून लेबल बदलले, तर इतरांच्या जुन्या मॅक्रोंचा त्या मूल्याशी असलेला संबंध तुटतो. पडद्यावरील शब्द हा येथे शोभेचा भाग नसून कराराचा भाग आहे.

यापुढील प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि नवख्यास तो मुळीच दिसत नाही. इमेजजेत सर्व प्लगइन्स एकाच छपराखाली राहतात. एका प्लगइनने आणलेली लायब्ररी दुसऱ्यासही दिसते. एकाच नावाचे क्लास दोन जार फाइलींत असतील, तर शोधमार्गावर जो प्रथम सापडेल तो घेतला जातो. आवृत्ती कोणती, हे पाहिले जात नाही. 'ग्वावा' या गूगलच्या लायब्ररीने हा प्रश्न अनेकांच्या अनुभवास आणून दिला. तिच्या पॅकेजचे नाव आवृत्तीगणिक तेच राहिले, परंतु आतील काही आज्ञा कालबाह्य ठरवून कालांतराने काढून टाकण्यात आल्या. रिकाम्या मूल्याऐवजी पर्यायी मूल्य देणारी एक लहानशी आज्ञा १८ व्या आवृत्तीत दुसऱ्या क्लासमध्ये हलविली गेली आणि २१ व्या आवृत्तीत मूळ जागेवरून नाहीशी झाली. जुन्या ग्वावासाठी बांधलेले प्लगइन नव्या ग्वावासमोर उभे केले, तर ते सुरू होते, मेन्यूत दिसते, चौकटही उघडते. ती आज्ञा ज्या क्षणी हाकारली जाते त्या क्षणी मात्र ते कोसळते. तोवर अर्धे विश्लेषण होऊन गेलेले असते.

कॉमन्स मॅथच्या कर्त्यांनी निराळा मार्ग स्वीकारला. तिसऱ्या मुख्य आवृत्तीत त्यांनी पॅकेजचे नावच 'मॅथ' ऐवजी 'मॅथ३' असे केले. त्यामुळे जुनी व नवी लायब्ररी एकाच प्रणालीत शेजारी शेजारी नांदू शकतात. नामकरणाचा हा निर्णय अत्यंत दूरदर्शी होता; ग्वावाच्या वापरकर्त्यांनी त्याचा हेवा करावा, असा तो आहे.

लायब्ररीच्या कर्त्याने अशी काळजी घेतली नसेल, तर प्लगइनच्या लेखकापुढे दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे लायब्ररीची प्रत आपल्याच जार फाइलीत घेऊन तिच्या सर्व पॅकेजांची नावे बदलणे. याने टक्कर टळते. परंतु फाइल फुगते आणि मूळ लायब्ररीत पुढे झालेल्या दुरुस्त्या त्या प्रतीपर्यंत पोचत नाहीत. शिवाय कॉमन्स मॅथसारखी लायब्ररी ज्या अपाचे परवान्याखाली आहे, त्या परवान्याचा मजकूर व सूचनापत्र प्रतीसोबत ठेवावेच लागते. हा परवाना जीएनयू परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी जुळत नाही, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांनी मिळून ठरविलेल्या आवृत्तींची एक सामायिक यादी मानणे. फिजीच्या परिवारात 'पॉम-सायजावा' ही अशी यादी आहे. दोहोंपैकी दुसरा मार्ग सामान्यतः श्रेयस्कर होय, कारण त्यात दोष एका ठिकाणी सापडतो व एका ठिकाणी दुरुस्त होतो. नावे बदलण्याचा उपाय अपवाद म्हणूनच योजावा.

फिजीत अद्ययावत करण्याची व्यवस्था अशी आहे की, कोणतीही प्रयोगशाळा आपले स्वतंत्र वितरणस्थळ उघडू शकते. ही मोकळीक मोलाची आहे, परंतु तिची दुसरी बाजूही आहे. एखाद्या स्थळाने आपल्या प्लगइनसोबत कॉमन्स मॅथची स्वतःची प्रतही चढविली, तर त्या स्थळाशी जोडलेल्या प्रत्येकाच्या संगणकावर मूळ प्रतीच्या जागी ती येऊन बसते. ठिपके मोजण्यासाठी जोडलेले स्थळ अशा रीतीने पेशी मोजणाऱ्या तिसऱ्याच प्लगइनच्या पायाखालची फरशी बदलते.

आवृत्ती बदलल्याने आज्ञा कोसळते तेव्हा निदान बोध होतो. खरी चिंता आज्ञा न कोसळता आकडा बदलण्याची आहे. शततमकाचे उदाहरण घ्यावे. १, २, ३, ४ या चार मूल्यांचे पंचविसावे शततमक कॉमन्स मॅथच्या मूळ रीतीने १.२५ येते, 'आर' या सांख्यिकी भाषेच्या नेहमीच्या रीतीने ते १.७५ येते. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येनुसार शुद्ध आहेत. कॉमन्स मॅथच्या ३.४ या आवृत्तीपासून रीत निवडण्याची सोय झाली. प्रतिमेची पार्श्वभूमी अशा शततमकाने वजा केली जात असेल, तर प्लगइनच्या लेखकाने कोणती रीत स्वीकारली हे कोष्टकाच्या शीर्षकात वाचकास दिसले पाहिजे. ते केवळ आज्ञावलीच्या पोटात दडलेले असू नये. लायब्ररीचे नाव व तिचा आवृत्तीक्रमांकही प्लगइनने निकालासोबत छापावा. ही सोय करण्यास दोन ओळी पुरतात आणि तरीही ती क्वचितच केलेली आढळते.

असे प्लगइन तयार झाल्यावर त्याची परीक्षा खऱ्या प्रतिमेवर घेण्याआधी कृत्रिम प्रतिमेवर घ्यावी. प्रमाण-विचलन बरोबर २.० पिक्सेल असलेला, मध्यभागी २५५ पर्यंत चढणारा एक ठिपका गणिताने रचून तीच प्रतिमा आठ, सोळा व बत्तीस बिटांच्या रूपांत प्लगइनपुढे ठेवावी. बत्तीस बिटांच्या प्रतिमेत उत्तर २.० ला जवळजवळ भिडते. आठ व सोळा बिटांच्या प्रतिमांत तेजस्वितेची मूल्ये पूर्णांकात आणल्यामुळे अत्यल्प फरक पडतो. आठ बिटांत हा फरक मोठा दिसू लागला, तर प्रथम ऋण-धन बाइटाची शंका घ्यावी आणि मगच वक्राच्या गणितात दोष शोधावा.